वाडीतून गॅलरीत : मुंबईच्या घरगुती भाजीबागेचा इतिहास

गतवर्षी आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात भोजनोत्तर विडा घेऊन बसलो असता डोंबिवलीस राहणाऱ्या ज्ञातीतील एका सूनबाईंनी मजजवळ येऊन विचारले, “काका, आमच्या घराला पूर्वेकडे गॅलरी आहे. तिच्यात घरापुरती भाजी लावावी असे फार मनात आहे. पण मला त्यातले काहीच ठाऊक नाही. सुरुवात कोठून करावी?” मी वडीलकीच्या थाटात म्हणालो, “अगं, त्यात काय मोठेसे? कुंडी घे, माती भर, बी टाक आणि रोज पाणी घाल.” त्या “बरे” म्हणून हसल्या आणि मुलांच्या पंगतीकडे वळल्या. परत येताना गाडीत माझ्या ध्यानात आले की, हेच उत्तर मला १९६५ साली मिळाले होते आणि त्या उत्तराबरहुकूम वागून माझी जी फजिती झाली ती मी सोयीस्करपणे विसरलो होतो. ह्या वर्षी चिटणिसांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा त्या सूनबाईंना नीट उत्तर द्यावे एवढाच हेतू मनात धरून लिहावयास बसलो. परंतु शहरात राहून भाजी लावणे ही नवी हौस आहे, हा जो समज आपल्यात रूढ आहे तो बाजूस सारल्यावाचून ते उत्तर देता येईना. म्हणून प्रथम थोडा इतिहास सांगतो.

आपली बहुतेक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपूर्वी चाकरीच्या निमित्ताने कोकणातून मुंबईस आली आणि प्रथम गिरगावाच्या आसपास विसावली. गावी पाठविलेल्या पत्रांवर आपल्या आजोबांनी जे पत्ते घातले त्यांतील नावे आठवून पाहावी : खेतवाडी, कांदेवाडी, फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट, बोरभाट. वाडी म्हणजे बागाईत. गोव्यात नारळीच्या बागाइतास आजही भाट म्हणतात. म्हणजे ज्या जागी आपण चार मजली चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ-आठ माणसे नांदलो, ती जागा कोणे एके काळी शेताची, कांद्याची, केळीची किंवा मुगाची होती, ही गोष्ट तिचे नावच सांगत होते. आपण ते नाव रोज उच्चारीत होतो, पण ऐकत मात्र नव्हतो. (भाजीच्या भरात कोणी भेंडीबाजार ह्या यादीत घालू नये. ती भेंडी भाजीची नसून त्या नावाच्या झाडाची, असे जाणते लोक सांगतात.)

ह्या वाड्यांचा लेखी पुरावाही आहे. वसईच्या तहान्वये १५३४ साली ही बेटे पोर्तुगीजांकडे गेली. पुढे १५५४ च्या सुमारास मुंबईचे बेट गार्सिया द ऑर्ता नावाच्या वैद्याला खंडाने मिळाले. हा गृहस्थ गोव्यात वैद्यकी करीत असे. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. आपल्या देशात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक होय. त्यात मुंबईतील आपल्या बागेतल्या आंब्याचा त्याने मोठ्या कौतुकाने उल्लेख केला आहे. बागेस पोर्तुगीज भाषेत ‘ऑर्ता’ म्हणतात, तेव्हा आडनावच बाग असलेला मनुष्य ह्या बेटाचा धनी व्हावा हा योगायोग गमतीचा खरा. १६६१ च्या विवाहाच्या करारात मुंबई इंग्रजांच्या राजास मिळाली आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीच्या हवाली केली. तरी हा शब्द गेला नाही. कंपनीच्या दप्तरात मुंबईच्या नारळीच्या वाड्यांना ‘ओर्ट’ असेच म्हटलेले आढळते, आणि त्या वाड्यांचे उत्पन्न हा बेटाच्या महसुलाचा महत्त्वाचा भाग होता.

त्या काळी येऊन गेलेल्या इंग्रज प्रवाशांनी मुंबईच्या हवेविषयी अत्यंत वाईट लिहून ठेवले आहे. गोरी माणसे येथे पावसाळा दोन पावसाळे जेमतेम काढीत. ह्या रोगटपणाचे खापर त्यांनी ज्या एका गोष्टीवर फोडले ती आपल्या कोकणी वाचकांस फार परिचयाची आहे. नारळीच्या बुंध्याशी लहान मासळीचे खत पुरण्याची येथील बागाइतदारांची रीत होती. ती मासळी कुजून हवा विषारी होते, असे ते म्हणत. दुर्गंधी येत असेल ह्यात शंका नाही. पण हिवतापाचे कारण मासळी नव्हती, डास होते, हे समजण्यास पुढे दोनशे वर्षे जावी लागली. मजा अशी की, कारण कळले तेव्हाही संकट बागेवरच आले. ते पुढे सांगतो.

त्या वाड्यांतून काय पिकत असेल? वांगी, वाल, अळू, काकडी, पडवळ, दुधी, घोसाळी हे आपले जुने धन. परंतु आज आपल्या पानात जे असते त्यातील अर्धे तरी पोर्तुगीजांच्या गलबतांतून आले आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, लाल भोपळा ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. बटाटा हा शब्द आपण पोर्तुगीजांचा जसाच्या तसा उचलला. कोबी हाही त्यांचाच. फरसबी हे तर ‘फ्रेंच बीन’चे मराठी तोंडात झालेले रूप. फुलकोबी त्यामानाने फारच अलीकडची. तिची लागवड सहारनपूरच्या कंपनी बागेत १८२२ च्या सुमारास करून पाहिली गेली. माझी आजी टोमॅटोला अखेरपर्यंत विलायती वांगेच म्हणत असे आणि नैवेद्याच्या ताटात ते येऊ देत नसे. मिरचीचे मात्र तिला काही वाटत नसे. तिलाही दोष देता येत नाही. परसात जे तीन पिढ्या उगवले ते आपले, हा मनुष्याचा सरळ हिशेब आहे.

आता ह्या बागा गेल्या कशा? सामान्यतः आपण म्हणतो की, वस्ती वाढली म्हणून गेल्या. हे खरे आहे, पण पुरते नव्हे. १८५६ साली मुंबईत कापसाची पहिली गिरणी चालू झाली. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ ह्या चार वर्षांत कापसाच्या भावाने जो पैसा ओतला त्याने शहर फुगले. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. जमिनीचा भाव नारळाच्या उत्पन्नाने ठरेनासा झाला, भाड्याने ठरू लागला. १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला, आणि जुन्या दाट वस्त्यांतून रुंद रस्ते निघाले. हे सर्व पुस्तकांतून आढळते. परंतु बागेचा जीव पाण्यात असतो, आणि पाण्याची हकिगत निराळीच आहे.

वाडी म्हटली की विहीर आलीच. रहाटाचे पाणी पाटाने आळ्यात जाई आणि न्हाणीचे सांडपाणी केळीला मिळे. १८६० साली विहारचे पाणी नळाने शहरात आले, पुढे तुळशीचे आणि १८९२ साली तानशाचे. नळामुळे विहिरीची गरज कमी झाली, तरी विहिरी होत्याच. हिवताप मात्र हटेना. त्याचा शोध करण्यासाठी नेमलेल्या डॉक्टर बेंटली ह्यांनी १९११ साली अहवाल दिला की, हिवतापाचा डास मुंबईत मुख्यतः घरगुती विहिरींत निपजतो. त्यानंतर विहिरींवर झाकणे बसविण्याचे आणि त्या बुजविण्याचे काम सुरू झाले. धर्मकृत्यास विहिरीचेच पाणी हवे, म्हणून अनेकांनी हरकती घेतल्या. त्यांच्यासाठी जाळीच्या झडपा ठेवण्याची तोड निघाली. नगरपालिकेचे करणे चुकीचे होते असे मुळीच नाही. त्यामुळे कित्येकांचे प्राण वाचले असतील. पण नळाचे पाणी पिण्यास मिळते, बाग शिंपण्यास नव्हे. विहीर बुजली तेव्हा तिच्या कडेची अळवाची पाने आणि तिच्या कठड्यावरचा वेल ही दोन्ही गेली, आणि शहरात वाढणाऱ्या मुलाला भाजी म्हणजे बाजारातली वस्तू एवढेच ठाऊक राहिले. घराघरांतील बागाइताची विद्या तुटली ती येथे, असे माझे मत आहे.

तुटलेली विद्या संकटाच्या दिवशी परत आणता येत नाही, ह्याचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धाने दाखविले. इंग्लंडात १९३९ च्या शरदात सरकारने ‘विजयासाठी खणा’ अशी हाक दिली. लोकांनी हिरवळी उखडून बटाटे लावले. लंडनच्या टॉवरच्या कोरड्या खंदकातसुद्धा भाजीचे वाफे निघाले. शहरवासीयांना भाड्याने दिलेल्या वाफ्यांची संख्या आठ लक्षांच्या घरातून १९४३ पर्यंत चौदा लक्षांवर गेली. हे इतक्या त्वरेने का घडले? मागणी आल्यास गरीब रहिवाशाला वाफ्यापुरती जमीन देणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक करणारा कायदा तेथे १९०८ सालीच झाला होता. खणणारा बाप घरोघर होता, म्हणून शिकणारा मुलगा तयार झाला.

आपल्याकडेही त्याच युद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग आले, बंगालात भीषण दुष्काळ पडला. १९४२-४३ पासून ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली. तिची तपासणी करणाऱ्या व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीने १९५२ साली जो निष्कर्ष काढला तो मननीय आहे. मोहीम तात्पुरत्या निकडीची म्हणून चालविली गेली आणि शेतकऱ्याच्या एकंदर जीवनाशी तिची सांगड घातली गेली नाही, हा तिच्यातला मुख्य दोष समितीने दाखविला. समितीचा विचार खेड्यापुरता होता. पण शहरातील आमच्यासारख्यांना तो तंतोतंत लागू पडला, आणि त्याचा साक्षीदार मी स्वतः आहे.

१९६५ साली मी दहा वर्षांचा होतो. पाऊस अपुरा झाला होता, सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले, अमेरिकेच्या गव्हावर देश अवलंबून होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडावे आणि रिकाम्या जागेत भाजी-धान्य लावावे अशी विनंती केली. स्वतः आपल्या बंगल्याची हिरवळ नांगरून त्यांनी आरंभ केला. आमच्या चाळीत सोमवारी रात्री चुली पेटत नसत. मुलांना त्याचा एवढा अभिमान वाटे की, चोरून चिवडा खाणाऱ्याला आम्ही वाळीत टाकीत असू. मग भाजी लावण्याची टूम निघाली. हिरवळ नव्हती, पण गॅलरीचा कठडा होता आणि डालड्याचे रिकामे डबे होते. मी शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना विचारले, आणि त्यांनी मला तेच सांगितले जे मी डोंबिवलीच्या सूनबाईंना सांगितले.

मी चौपाटीच्या बाजूची पांढरी रेतीमिश्रित माती आणली. डब्याला भोक पाडले नाही. दोन दाणे पुरतात तेथे मूठभर पेरले. आणि देशसेवेच्या उत्साहात दिवसातून चार वेळा पाणी घातले. आठव्या दिवशी डब्यातून वास येऊ लागला. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळवणावर गढूळ पाणी ओतले गेले, तेव्हा वडिलांनी डबा आणि मला एकाच वेळी घराबाहेर काढले.

आमच्याकडे माझी आत्या राहत असे. ती बालपणीच विधवा होऊन गावी परड्यात राबलेली. ती वडिलांना म्हणाली, “दादा, पोराला बोलू नको. त्याला कोणी दाखवलेच नाही.” मग तिने डब्याच्या बुडाला खिळ्याने पाच भोके पाडली, तळाशी विटेचे तुकडे घातले, आठ दिवस चहाचा चोथा, भाजीची देठे आणि सुका पाला मातीत मिसळून ठेवला, आणि पदराच्या गाठीतून काढल्यासारखी एक पुरचुंडी काढली. राखेत घोळलेले घोसाळ्याचे बी. तीनच दाणे तिने टोचले. तो वेल दोरीवरून वरच्या मजल्यापर्यंत गेला, आणि पुढल्या पावसाळ्यात श्रावणातल्या एका शुक्रवारी आमच्या मजल्यावरील सहा बिऱ्हाडांनी घोसाळ्याची भजी खाल्ली. एक घोसाळे तिने कोणाला तोडू दिले नाही. ते वेलीवरच वाळून कडक झाले, त्याची जाळी आम्ही अंग घासण्यास वापरली, आणि बी पुन्हा राखेत गेले. शास्त्रीजी ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला वारले. चाळीतील बाकीचे डबे हळूहळू रॉकेल ठेवण्याच्या कामी गेले. आत्याचा डबा मात्र ती असेपर्यंत, १९७९ पर्यंत, दरसाल हिरवा होत होता. त्यानंतर ती पुरचुंडी मी सांभाळावयास हवी होती. मी बँकेत नवा लागलो होतो. बदल्या होत होत्या. असो.

आत्याला जे हाताने येत होते ते पुस्तकी भाषेत मांडण्याचे काम महाराष्ट्रात श्रीपाद अच्युत दाभोळकर ह्यांनी केले. हे कोल्हापूरचे गणिताचे अध्यापक. शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करावे आणि एकमेकांस कळवावे, ह्या तत्त्वावर त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. महाराष्ट्रातील द्राक्षबागाइताच्या वाढीत त्या परिवाराचा वाटा मोठा आहे. २००१ साली ते वारले. शहरवासीयांच्या दृष्टीने त्यांची मोठी शिकवण ही की, माती आणावयाची नसते, करावयाची असते. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ घालून तीन दिवस ढवळीत ठेवावे. हे त्यांचे अमृतजल. ते दहापट पाण्यात मिसळून त्यात सुका पालापाचोळा चोवीस तास भिजवावा, त्याचे आणि मूठमूठ मातीचे पातळ थर रचावे, दर आठवड्यास ढीग वरखाली करावा. महिन्याभराने त्यावर निरनिराळ्या जातींचे बी मिसळून पेरावे आणि उगवलेली रोपे एकविसाव्या, बेचाळिसाव्या व त्रेसष्टाव्या दिवशी कापून तेथेच मुरवावी. चार-पाच महिन्यांनी जे काळे, भुसभुशीत, हलके द्रव्य मिळते ती त्यांची अमृतमाती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून जी बाग वाढली, ती स्वयंपाकघराच्याच टाकाऊ मालावर ह्याच विचाराने वाढविली गेली. ज्या गोदीच्या शहरातून विहिरी आणि वाड्या नाहीशा झाल्या, त्याच गोदीच्या कचेरीने आपल्या छपरावर पुन्हा वाडी केली, ही गोष्ट मला फार आवडते.

आता सूनबाईंचे उत्तर. ते देताना मी मघाच्या इतिहासातील एकेक चूक आठवीत आहे, म्हणून क्रम थोडा वेडावाकडा होईल.

पहिल्याने बी आणू नये. आठ दिवस केवळ ऊन पाहावे. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचे चार तास ऊन येत असेल तर मेथी, लाल माठ, पालक, कोथिंबीर, पुदिना ह्या पालेभाज्या खुशाल होतील. वांगी, मिरची, टोमॅटो ह्यांना सहा तास तरी हवेत. नसतील तर त्यांचा नाद पहिल्या वर्षी सोडावा. आरंभ मेथीने करावा. सहा इंच खोल पसरट कुंडीत दाट पेरली तर ती तीन ते चार आठवड्यांत घरात येते, आणि नवशिक्याला लवकर आलेले यश हेच सर्वांत चांगले खत. कोथिंबिरीचे धणे पेरण्यापूर्वी चपलेखाली किंवा लाटण्याने रगडून दोन फाकी करावे, एरवी ते उगवावयास फार उशीर लावतात. पुदिन्याची बाजारातली जाड काडी पाण्यात ठेवून मुळे फुटली की लावावी.

पाणी रोजच्या नेमाने घालू नये. बोट मातीत दोन पेरे घालावे, ओल लागली तर हात आवरावा. मुंबईच्या बाजूस वर्षाकाठी ऐंशी-नव्वद इंच पाऊस बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. त्या दिवसांत कुंडी सुकण्यापेक्षा कुजण्याचे भय अधिक. बुडाची भोके मोकळी असावी. आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, आठवड्यातून एकदा ती कोरडी करून घासावी; डेंग्यूचा डास त्या चमचाभर पाण्यात वाढतो. १९११ साली डासांपायी विहिरी गेल्या, आता ताटल्यांपायी कुंड्या जाऊ नयेत.

ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांनी उत्साहाला आवर घालावा. एक चौरस मीटर जागेवर फूटभर ओली माती घातली तर तिचे वजन पाचशे किलोच्या आसपास भरते, आणि राहत्या घराच्या वावरत्या गच्चीचा हिशेब साधारणतः दीडशे किलोचाच केलेला असतो. म्हणून अमृतमातीसारखे हलके द्रव्य, तेही भिंतीच्या व तुळईच्या रेषेवर ठेवलेल्या कुंड्यांत घ्यावे, आणि जाणकार अभियंत्याला विचारल्यावाचून वाफे बांधू नयेत. मी सेवानिवृत्तीनंतर हे विचारले नाही. खालच्या घराच्या छताला ओल आली, सोसायटीच्या सभेत माझ्या टोमॅटोंवर दीड तास चर्चा झाली, आणि ते सर्व स्वखर्चाने खाली उतरवावे लागले. तक्रार करणारे शेजारी बरोबर होते. आज ते माझ्याकडून कढीपत्ता नेतात.

ह्या सर्वातून पैशाची बचत किती, असे व्यवहारी वाचक विचारतील. फार नाही. चार कुंड्यांवर कुटुंब पोसत नाही. पण रेल्वेच्या रुळांकडेला गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या पालेभाज्यांविषयी वारंवार ऐकतो, तेव्हा मुलांच्या पोटात जाणारी निदान एक जुडी कोठल्या पाण्यावर वाढली हे ठाऊक असणे ह्याला काही किंमत आहे. ओला कचरा वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी आपल्यावर आलेच आहे. तो डब्यात टाकावयाचा की मातीत, एवढाच प्रश्न उरतो.

बियांविषयी लिहून पुरे करतो. बाजारातील पाकिटातले बी पुष्कळदा संकरित असते. त्याच्या फळातले बी पुढल्या वर्षी तसेच फळ देईल असा भरवसा नाही. म्हणून एक तरी देशी वेल लावावा. उंच मजल्यावर मधमाशी येत नाही, तेव्हा घोसाळ्याचे नरफूल सकाळी उमलताच तोडून मादीफुलाला, म्हणजे ज्याच्या मागे इवलेसे फळ दिसते त्याला, हळुवार लावावे.

हा लेख अर्धा लिहून झाला असता मी त्या डोंबिवलीच्या सूनबाईंना दूरध्वनी केला आणि पहिल्या उत्तराबद्दल क्षमा मागितली. बोलता बोलता आत्याच्या वेलाची गोष्ट निघाली. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “काका, आमच्या आजेसासूबाई तुमच्याच चाळीत राहत होत्या. त्यांच्या गावच्या घरी मांगराच्या छपरावर दरवर्षी घोसाळी होतात. मुंबईहून आणलेले बी, असे सगळे म्हणतात. आम्हांला वाटायचे, मुंबईहून कोण बी आणते!” दसऱ्याला त्यांनी मला टपालाने एक पाकीट पाठविले. आत वर्तमानपत्राच्या तुकड्यात राख होती, आणि राखेत अकरा काळे दाणे.

ते बी आत्याचेच आहे हे सिद्ध करण्याचे साधन मजपाशी नाही. त्यातील पाच दाणे मी येत्या ज्येष्ठात लावणार आहे. सहा मंडळाच्या कार्यालयात चिटणिसांच्या कपाटात लहान बाटलीत ठेवले आहेत. ज्या घरी गॅलरीत ऊन येते त्यांनी पाडव्यानंतर मागून न्यावे आणि एक फळ वेलीवर वाळू द्यावे.